धंदा एकच लिहा

तेव्हा मी चंद्रपूरच्या एका लहान कंपनीत संगणकाचे प्रोग्राम लिहीत होतो. मूलजवळच्या एका गावच्या मच्छीमार संस्थेला सभासदांची यादी संगणकावर हवी होती. मी केलेल्या स्क्रीनवर 'धंदा' असा रकाना होता: शेती, मजुरी, मासेमारी. त्यातला एकच निवडता येई. त्या नेटकेपणाचा मला अभिमान होता.

आम्ही गावात पोचलो तेव्हा भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, जोरात होती. साठीचे एक गृहस्थ भाताच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, थेट नोंदणीच्या रांगेत आले, पाय चिखलाने माखलेले.

"धंदा काय, भाऊ?"

"दुसऱ्याचा रोवना करून राह्यलो. दिसत नाई का?"

मागून त्यांची बायको म्हणाली, "बाबू, तलावाचं बी लिव. बुढ्याले पान्याबाहेर करमतच नाई!"

रांग हसली. मीही हसलो आणि 'मजुरी' दाबलं.

पावसाळ्यानंतर तलावात मासे धरायचा हक्क असलेल्यांची यादी लागली. मासेमारी न लिहिलेल्यांची नावं गळली होती. तलावात जाळी पडली तेव्हा ते गृहस्थ पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून होते. कंपनीच्या साहेबांनी विचारल्यावर मी म्हणालो, "लोकांनीच चुकीचं सांगितलं." त्यांच्या बायकोने बरोबर सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. माझं ते खोटं वाक्य अजून माझा पिच्छा सोडत नाही.

मी गावात जाऊन त्या गृहस्थांपाशी चूक कबूल केली. ते म्हणाले, "तू आजचं पुसलं, मी आजचं सांगतलं. वर्साचं पुसाचं होतं नं!"

मग संगणक न उघडता मी दिवसभर पाळीवर बसलो. कोणत्या महिन्यात काय करता, एवढंच सगळ्यांना विचारत गेलो आणि वहीत उतरवत गेलो. परतल्यावर तो रकाना काढला, बारा महिने मांडले. एक माणूस तीन धंदे करू शकेल, अशी स्क्रीन झाली. साहेबांना खरं काय घडलं तेही सांगितलं. गळलेली नावं यादीत परत लागली, पण त्या गृहस्थांचा एक हंगाम गेला तो गेलाच.

आज मला यूजर एक्सपीरियन्स डिझायनर, म्हणजे वापरणाऱ्याच्या सोयीने स्क्रीन आखणारा, म्हणतात. स्क्रीन आखण्याआधी मी माणसांजवळ जाऊन बसतो. हे काम मला चांगलं जमतं, हे सांगताना मी कचरत नाही. ते कोणाच्या नुकसानीतून शिकलो, हेही लपवत नाही.

यादी सुधारल्यानंतरच्या हंगामात मी तलावाच्या पाळीवर उभा होतो. ते गृहस्थ छातीभर पाण्यातून ओरडले, "ये बाबू, आता पुस धंदा!"

काठावरून त्यांची बायको म्हणाली, "पुसू नोको आता, जाळं धर!"

मी पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो.