भिंगरी सर आणि पँटचं लेबल

अख्खी गल्ली त्यांना भिंगरी सर म्हणायची. नाव ऐकून नवखा माणूस एखाद्या काटकुळ्या गृहस्थाची वाट बघत उभा राही, आणि समोरून यायचं आधी पोट, मागाहून सर. नाव पडलं ते शाळेतल्या फिरत्या खुर्चीमुळे. दोन्ही हातांत दीड-दीड किलोची लोखंडी वजनं धरून सर खुर्चीत बसत, हात पसरत, कुणीतरी खुर्ची ढकले, आणि सरांनी हात छातीशी घेतले की खुर्ची सुसाट! तीस वर्षं वर्ग खिदळत आला. घड्याळ मात्र कुणी लावलं नव्हतं.

यंदा मुख्याध्यापिका बाईंनी वर्गात चित्रफिती दाखवायचा पडदा लावला. ‘‘सर, तुमचा धडा पडद्यावरच दाखवू. तिथे आकडे तरी बरोबर येतात.’’

सरांना हे भलतंच झोंबलं. ‘‘बाई, एक तास द्या. आधी आकडा सांगतो, मग फिरतो. चुकलो तर खुर्ची अडगळीत टाका.’’

‘‘तुमच्यासकट?’’ बाईंनी शांतपणे विचारलं.

त्या संध्याकाळी सर वही घेऊन बसले. फिरायला शरीर किती विरोध करतं, ते काढायचं होतं. सोयीसाठी त्यांनी स्वतःला सरळसोट दंडगोल मानलं. वजन शाळेच्या काट्यावर करून आणलेलं, ऐंशी किलो, एक ग्रॅमही लपवला नाही. कंबर तेवढी पँटच्या लेबलवरून घेतली : तीस इंच. पँट घरचीच, बायकोच्या मशिनवर शिवलेली, म्हणजे शंकेला जागाच नाही. बायकोने वहीकडे एकदा पाहिलं आणि दातांनी दोरा तोडला.

दुसऱ्या दिवशी बाई मागच्या बाकावर. सर फळ्यावर रंगात आले. ‘‘मला उभं ठेवून पातळ-पातळ नळकांडी करा, एकात एक बसणारी. प्रत्येकाचं वस्तुमान गुणिले मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग. अशा अगणित नळकांड्यांची बेरीज म्हणजे संकलन. मधली बिचारी गरीब, काठावरची भारी आडमुठी!’’ मग खडू आपटून निकाल : हात जवळ घेतले की वेग साडेतीन पट.

खुर्ची फिरली. पहिल्या बाकावरच्या मुलीने घड्याळ पाहिलं. ‘‘सर, सव्वादोन पट.’’

पुन्हा फिरले. पुन्हा सव्वादोन. सरांना घेरी आली, उत्तर काही हललं नाही. बाई उठायला लागल्या, तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, ‘‘सर, त्रिज्या कशी मोजली?’’

‘‘पँटच्या लेबलवरून.’’

कुणीही हसलं नाही. तेच जास्त लागलं. बाई म्हणाल्या, ‘‘उद्यापर्यंत थांबते.’’

घरी येताच सरांनी पिशवीही खाली ठेवली नाही. ‘‘अगं, माझी कंबर किती?’’

‘‘खरी सांगू की लेबलातली?’’

मग सगळं बाहेर आलं. दरवर्षी ती गुपचूप शिवण उसवायची, कापड सोडायची, कापड संपलं की नवी पँट शिवायची, आणि तीसचं जुनं लेबल तिच्यावर टाचायची. ‘‘लग्नात तीस-तीस म्हणून किती मिरवलात! म्हटलं, राहू दे, कुणाचं काय जातंय?’’

‘‘माझा धडा जातोय!’’

तिने गळ्यातली टेप काढली. सरांनी पोट आत ओढलं.

‘‘अहो, श्वास सोडा. नाहीतर धडा सोडा.’’

सरांनी श्वास सोडला. बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर हातभर उंच आकड्यांत बेचाळीस लिहिलं. त्रिज्या दीडपटीच्या आतच वाढलेली, पण वर्ग होताच विरोध जवळजवळ दुप्पट. नवं उत्तर सव्वादोनच्या अगदी जवळ. खुर्ची फिरली, मुलीने घड्याळ वर धरलं, आणि वर्गाने बाकं बडवली.

‘‘धडा तुमचाच,’’ बाई दारातून म्हणाल्या. ‘‘पण दरवर्षी नव्याने मोजून.’’

सर छाती, म्हणजे जे काही पुढे होतं ते, फुगवून घरी आले. बायको पँट घेऊनच बसली होती, सुईत दोरा ओवलेला. ‘‘बेचाळीसचं लेबल लावू ना आता?’’

सरांनी जुनं लेबल अंगठ्याने सपाट केलं.

‘‘राहू दे तीसच,’’ ते म्हणाले. ‘‘फळ्यावर खरं लिहिलंय ना!’’