चुड्याला मायचा हात चालत नाही

माझ्या लग्नाचा चुडा भरायला जो माणूस आला, त्याची बायको दोन वर्षांखाली वारली होती. हे पहिल्यालाच सांगून टाकते. म्हणजे माझा आवाज कामून चढायलाय, हे पुढं कुणी विचारायला नको.

आम्ही कासार. गाव औराद तालुक्यातलं, आणि औरादच्या आठवडी बाजारात मायचं दुकान. दुकान म्हणजे काय, ताडपत्रीखाली मांडलेल्या काचेच्या बांगड्या आणि मधोमध माय. माल बाप आणायचा, पण भरायची मायच. बाया कुणी मराठीत, कुणी कन्नडात, कुणी तेलुगूत घासाघीस करायच्या आणि माय तिन्ही भाषांत त्यांची चेष्टा करायची. ती कुणाला बांगडीचा नंबर विचारत नसे. हात हातात घेतला की तिला माप कळायचं. अंगठ्याच्या बुडाशी एक जागा असते, तिथं ती बोटानं दाबायची. दिवसभर खुरपं धरून आखडलेला हातही मग आपोआप सैल पडायचा, आणि बांगडी हाडावरून कधी उतरली ते बाईला कळायचंही नाही. साबण लावून बांगड्या चढवणाऱ्याला ती कासारच मानत नव्हती. म्हणायची, "त्याला म्हणावं, दुकान न्हाणीत मांड."

सगळ्यात जास्त जीव होता तिचा चुड्यावर. लग्नघरचं बोलावणं आलं की पेटीतली चांगली साडी निघायची. हिरव्या बांगड्या भरून झाल्या की नवरी कासारणीच्या पाया पडते, अशी आमच्याकडं रीत आहे. माय घरी येऊन ते दोन-दोनदा सांगायची. "आज एवढ्या मोठ्या घरची पोरगी, पार डोकं टेकलं बघ तिनं! एरवी कोण पडतंय आपल्या पाया?" आणि मग स्वतःशीच हसायची.

मी बारावीला असताना बाप गेला. महिन्याभरानं माय परत बाजारात बसली. त्याच बाया आल्या, त्यांनी तसेच हात पुढं केले, मायनं तशाच बांगड्या भरल्या. मला वाटलं, चला, निदान हे तरी राहिलं. मग लग्नसराई आली. शेजारच्या गल्लीतली एक बाई आमच्या दारात आली. तिच्या दोन्ही थोरल्या पोरींचे चुडे मायनंच भरले होते. ती बसली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको. या वक्ताला चुड्याला पोरीला धाडून दे."

अगं बाई, आदल्याच बाजारी तू स्वतः तिच्याकडून डझनभर भरून घेतल्यास ना? तेव्हा तुला तिचा हात चालला. मांडवात गेल्यावर त्याच हाताला काय झालं? हे मी तेव्हा बोलले नाही. आजही त्याचाच राग येतो. मायनं नुसतं "व्हय" म्हटलं आणि मला बांगड्यांची पेटी काढून दिली.

आणि मी गेले! गाढवासारखी गेले. माय माझ्याबरोबर मांडवापर्यंत आली आणि बाहेर पाण्याच्या ड्रमापाशी बसली. आत माझ्या हाताला घाम सुटलेला. पहिलीच बांगडी तडकली, मग दुसरी. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी हळूच साबण मागितला, तर बाहेरून आवाज आला, "साबण कामून मागायलीस? अंगठा आत घाल अन् बुडाशी दाब." तिला काही दिसत नव्हतं. नुसत्या आवाजावरून ती सगळं ओळखत होती. ती बाहेरून सांगत गेली, मी भरत गेले. चुडा पुरा झाला तशी नवरी उठून माझ्या पाया पडली. तिला म्हणावंसं वाटलं, अगं, ज्यांच्यावर पडायचं ते पाय ड्रमापाशी आहेत. पण मी पेटी आवरत राहिले.

वाटेत माय म्हणाली, "चांगल्या भरल्यास की." मी तिच्यावरच ओरडले. तुला लाज कशी वाटत न्हाई, कशाला आलीस माझ्यामागं, म्हटलं. ती म्हणाली, "मग काय करू? पेटी घरात ठेवून बसू?" त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही. बिदरला एका दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायच्या कामाला लागले. मायला चुड्याचं बोलावणं परत आलं नाही.

पुढं बिदरजवळच्या नौबादच्या एका घरी माझं लग्न जमलं. मी मायला सांगून टाकलं, "माझा चुडा तू भरायचास. न्हाईतर मी हातच पुढं करणार न्हाई." ती तांदूळ निवडत होती. "व्हय व्हय," म्हणाली, वर न बघता.

चुड्याच्या दिवशी पेटी घेऊन आला तो भालकीकडचा काका, माझ्या बापाचा चुलतभाऊ. मायनंच निरोप धाडून बोलावला होता. बायांनी त्याला पाट दिला, चहा दिला, "या अण्णा, बसा" म्हटलं. काका स्वभावानं गरीब. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तो म्हणाला, "हात ढिला सोड, पोरी." मी मूठ घट्ट आवळली.

"माय भरल," मी म्हटलं.

आत्या पुढं आली. "येडी झालीस का? आपशकून करायलीस व्हय?"

"कसला आपशकून? काकाची बायको गेली न्हाई का?"

काकानं मान खाली घातली. मग आत्या म्हणाली, "तो गडी माणूस हाय."

संपलं! एवढंच उत्तर होतं त्यांच्याकडं. मी मूठ छातीशी धरून बसले. नवऱ्याकडचे पाहुणे दारात, हळद भिजलेली, आणि मी हलायला तयार नाही. कुणीतरी मायला स्वयंपाकघरातून बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मला वाटलं, जिंकले. मला रडूच फुटलं.

तिनं माझी मूठ हातात घेतली. अंगठ्याच्या बुडाशी ती जागा शोधली आणि दाबली. मी जीव खाऊन आवळून धरली होती, तरी बोटं सुटत गेली. तिच्या हातात कुणाची मूठ कधी टिकली नव्हती, माझीही टिकली नाही. हात पुरता उघडला, तेव्हा तिनं तो उचलला आणि काकाच्या हातात दिला.

काकानं भरल्या. एकही फुटली नाही. मी कुणाच्याच पाया पडले नाही.

माय तोवर उठून दारापर्यंत गेली होती. तिथून तिनं एकदा माझ्या हाताकडं बघितलं. "एक नंबर मोठ्या भरल्या, भावजी," म्हणाली, आणि आत निघून गेली.