शेवटच्या बॅचचे ग्लोव्हज

लिहितोय त्याबद्दल आधी माफ करा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे काही लिहायची मला सवय नाही. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. इथं तसं जमणार नाही. काही चुकलं तर समजून घ्या. पण मी नाही लिहिलं तर आमचे प्रॅक्टिकलचे सर हे त्यांच्या बाजूनं सांगतील, आणि तेच खरं ठरेल.

जेल फरशीवर पडलं होतं.

जेल म्हणजे जेलीची पातळ वडी. मॉलिक्युलर बायोलॉजीत वीज सोडून तिच्यातून डीएनए पळवतात. तो दिसावा म्हणून तिच्यात इथिडियम ब्रोमाइड नावाचा लाल रंग घालतात. तो रंग डीएनएच्या धाग्यांमध्ये घुसून बसतो. जेलमधल्याच नाही, माणसाच्याही. म्हणून तो विष.

पहिल्या बॅचमधल्या एकाच्या हातून ट्रे निसटला. तुकडे सरांच्या बुटापाशी. भोवती लालसर पाणी. लॅबचे मामा, म्हणजे शिपाई, रजेवर. सरांनी वर्गावरून नजर फिरवली. पुढच्या टेबलांवर ती थांबली नाही. थेट मागं आली.

"ए, शेवटची बॅच. तू. उचल ते."

"सर, ग्लोव्हज संपलेत."

"मग काय झालं? तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या हातानंच उचलतात ना?"

वर्ग हसला. सगळा नाही. पण पुरेसा.

माझे आजोबा कल्याणला पालिकेत सफाईला होते. लोकांची घाण हातानं उचलत. सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना रोल नंबर पुरे होता. आमच्याकडे रोल नंबर प्रवेशाच्या याद्यांप्रमाणे पडतात. आधी खुल्या यादीतले, त्यांच्यानंतर राखीव जागांवरचे. बॅचही त्याच क्रमानं. कुणाची जात विचारावी लागत नाही. मागं बघितलं की झालं.

मी वाकलो. हो, वाकलो. उघड्या हातांनी तुकडे गोळा केले. ते बोटांतून निसटत होते, मासळीसारखे. मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो आणि सर वर उभे राहून पुढचा धडा शिकवत होते. त्यांचा आवाज जराही हलला नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

नियम मला पाठ होते. पहिल्याच दिवशी सरांनी पडद्यावर लावून वाचून दाखवले होते. पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन. बंद बूट. ग्लोव्हज न घालता जेल रूममध्ये पाऊल ठेवलं तर त्या दिवसाचं प्रॅक्टिकल शून्य. हजेरी कमी पडली तर टर्म ग्रँट नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष वाया. बाकीची मुलं कंटाळून मोबाइल बघत होती. मला मात्र बरं वाटलेलं. वाटलं, चला, इथं सगळं लिहिलेलं आहे. जे त्यांना तेच मला. नियमात कुणाचं आडनाव नसतं.

हात धुतले. बेसिनवर साबण नव्हता. मग अंधाऱ्या खोलीत आमची पाळी आली. यूव्हीचा दिवा लागला आणि जेलमध्ये डीएनएच्या पट्ट्या नारिंगी पेटल्या. त्यांच्या बाजूला माझे हात. तेही पेटले. नखांच्या कडा, बोटांच्या रेघा, सगळं नारिंगी.

"अबे, रेडियम!" कुणीतरी ओरडलं. "भाई, रात को टॉर्च नहीं लगेगा इसको!"

हशा पिकला. तेवढ्यात माझ्या बॅचमधल्या प्रणालीनं आपला हात दिव्याखाली धरला. ती डोंबिवलीची. तिनं ग्लोव्हज घालून काम केलं होतं, ते नुकतेच काढलेले. तरी तिच्या बोटांची टोकं चमकत होती. मग बाकीच्यांनी हात पुढं केले. आमच्या बॅचमधला एकही हात काळा राहिला नाही.

त्या अंधारात मला कळलं. खोका उघडला की पहिल्या बॅचला नवे ग्लोव्हज मिळायचे. आमच्यापर्यंत यायचे त्यांनी काढलेले. ग्लोव्हज ओढून काढले की उलटे होतात, ओली बाजू आत जाते. बाहेरून कोरडे, स्वच्छ दिसतात. आम्ही तसेच घालायचो. फुंकर मारून, भोक नाही ना बघून, खुशीत. आख्खं सत्र आम्ही त्यांचं विष आतून अंगाला लावून घेत होतो.

 दिवा बंद झाला.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी मलाच हाक मारली. वापरलेल्या जेलची बादली भरली होती. तुकडे उचलून पिशवीत भरायचे होते.

"ए, चल. तुला आता प्रॅक्टिस झालीय."

मी हात पाठीमागं बांधले.  "ग्लोव्हज द्या सर. नवे."

"नाहीत."

"मग नाही उचलणार. नियम आहे."

"नियम मला शिकवतो? ज्या कोट्यातून आलास ना, त्याच कोट्यातून बाहेर काढीन."

आणि थप्पड. चष्मा उडाला. कानात शिट्टी वाजायला लागली. शेजारी मायक्रोवेव्हमधून नुकता काढलेला फ्लास्क होता. आत पुढचं जेल उकळत होतं. खरं सांगतो, माझा हात तिकडं गेला. ते चिकट, उकळतं त्यांच्या तोंडावर ओतायचं, कातडी सुटेपर्यंत बघत उभं राहायचं, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. आणि बरं वाटलं.

त्यांचा हात पुन्हा उठला. मी फ्लास्क सोडून तो हात मनगटाला धरला.

"दुसरी नाही, सर."

त्यांनी माझा अ‍ॅप्रन धरून ओढला. बटणं तुटून फरशीवर उडाली. मला ढकलत दारापर्यंत नेलं. दाराची कडा कपाळाला लागली आणि डोळ्यांत रक्त उतरलं. पुढच्या टेबलावर कुणीतरी घाईघाईनं आपलं जर्नल बाजूला घेतलं. डाग पडू नये म्हणून.

हजेरीत त्या दिवशी मी गैरहजर. आधीच्या प्रॅक्टिकललाही शून्य. ग्लोव्हज न घालता जेलला हात लावला म्हणून.

आम्ही खडवलीला राहतो. पप्पा डोंबिवलीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत. रिअ‍ॅक्टर, म्हणजे केमिकलची मोठी टाकी, रिकामी झाली की तिच्यात उतरून घासतात. एकदा खाली गरम ॲसिड राहिलेलं. तेव्हापासून उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. त्या हातानं त्यांनी माझ्या कपाळावरची पट्टी चाचपली.

"सरांचा हात धरलास तू?"

"हो."

"उद्या जा. पाय धर. जर्नलवर सही घे आणि गप बस. मी मुकादमाचा हात धरला असता तर तू शाळेत गेला असतास का?"

आई चुलीकडून वळलीसुद्धा नाही. "पाय धरायचे तर तुम्ही जाऊन धरा. त्याला नका सांगू."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"माझ्या पोराचं डोकं फुटलंय, एवढं कळतं."

मी प्राचार्यांकडे तक्रार दिली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. फार गोड बोलले. "बाळ, सर जरा तापट आहेत. मनानं वाईट नाहीत. तू करिअरचा विचार कर. तक्रार मागं घे, दोन्ही प्रॅक्टिकल रिपीट देतो, टर्म ग्रँट होईल. सोमवारपर्यंत सांग."

"आणि नाही घेतली तर?"

"मग नियमाप्रमाणे होईल."

ग्लोव्हज आहेत का, कुणाला मिळतात, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला लागलो तर घड्याळ बघितलं.

प्रणालीला म्हणालो, जे दिसलं ते सांग. ती कँटीनच्या मागं रडली. "अरे, मला एमएससी करायचंय रे. सरांच्याच हातात आहे सगळं. तू एकटा आहेस, निभावशील. मुलीचं वेगळं असतं." मी तिच्यावर ओरडलो नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच बोललो असतो.

मग मीही ढिला पडलो. हे लपवत नाही. रोज पप्पांचा हात ताटात बघायचो. वर्ष गेलं तर स्कॉलरशिप जाईल, मग टाकीत उतरायची माझी पाळी. रविवारी सकाळी ठरवलं, तक्रार मागं घ्यायची. आईनं अ‍ॅप्रनला वेगवेगळी बटणं लावून दिली होती. मी तो इस्त्री करत होतो. पप्पांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. त्यांना आनंद झाला नाही. मला वाटलेलं, होईल.

दुपारी प्रणालीचा फोन आला.

"बोल."

बराच वेळ नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज.

"प्रणाली?"

"काल जादा प्रॅक्टिकल होतं रे. तू नव्हतास."

"मग?"

"बादली भरलेली. सरांनी मला हाक मारली. म्हणाले, तुझा हिरो कुठाय? आज तू उचल."

"ग्लोव्हज?"

"नव्हते."

"मग तू?"

"मी उचललं रे. हातानं. सगळे बघत होते. मला नाही म्हणताच नाही आलं. कालपासून धुतेय हात."

मी इस्त्री बंद केली. मी तक्रार मागं घेतली तर ती बादली कुणाच्या हातात जाते, हे आता मला कळलेलं.

"ऐक," मी म्हणालो. "उद्या मी प्राचार्यांकडे जात नाही. पोलीस ठाण्यात जातोय. थप्पड लिहून देणार, आणि जातीवरून जे बोलले तेही, शब्दन् शब्द. वर्ष जाऊ दे. तुझं नाव तू सांगितल्याशिवाय घेणार नाही."

तिकडं नळ चालूच होता.