घेणाऱ्याचा होकार

दसरा झाला की डोंबिवलीत परदेशी फराळ पाठवणाऱ्यांची झुंबड उडते. लोक घरून डबे आणतात, आमच्या दुकानातून ते खोक्यात भरून विमानाने जातात. खोकं निघण्याआधी तपासायचं काम माझं. चकल्या दाटीवाटीने बसल्यात का, लाडवांचं तूप सुटलंय का, कुणी चिवड्याखाली हळूच लोणच्याची बाटली दडपली नाही ना, हे बघायचं. मग चिकटपट्टी मारून खोकं कानाशी हलवायचं. खुळखुळलं की पुन्हा उघडायचं. आयांना त्याचा भारी राग येतो.

"अहो, माझ्या हातच्या चकल्या आहेत, मोडायच्या नाहीत," एक बाई ठसक्यात म्हणाल्या.

"चकलीला ठाऊक आहे का ते?" मी म्हटलं. माझं तोंड फटकळच आहे.

पण माझी सही झाली तरी खोकं लगेच निघत नाही. तिकडे घरी कुणी नसलं तर ते परत येतं आणि भांडण आमच्या गळ्यात पडतं. म्हणून मालकांनी पद्धत घातली आहे, भरलेल्या खोक्याचा फोटो दुकानाच्या फोनवरून घेणाऱ्याला पाठवायचा आणि 'पाठवू का?' विचारायचं. होकार आला तरच खोकं गाडीत चढतं. तो फोनही माझ्याकडेच असतो. लोक उत्तरात काय काय लिहितात! अनारसे आहेत का, कधी पोचेल, आईची तब्येत कशी वाटली. ते सगळं वाचायला मला आवडतं.

माझा मुलगाही तिकडेच असतो. हे गेल्यापासून टिटवाळ्याचं घर मला खायला उठतं, म्हणून मी हे काम धरलं. त्याला ते माहीत नाही. कळलं तर 'आई, काय गरज आहे?' सुरू होईल, आणि गरज कसली आहे ते मला फोनवर सांगता येणार नाही. मी भजनी मंडळात रमलेय, असं त्याला वाटतं.

यंदाही मी त्याच्यासाठी खोकं भरलं. आपलं खोकं आपण तपासायचं नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या, कोपर स्टेशनहून येणाऱ्या बाईने ते तपासलं.

"काय ताई, कसलं ठासून भरलंय! जरा पण हलत नाय," ती म्हणाली. मला बरं वाटलं. तिने फोटो काढून पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आलं. मी डबा उघडून बसले होते.

"प्लीज पाठवू नका. मुलं खात नाहीत, दरवर्षी टाकून द्यावं लागतं. पण आईला हे कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल. वजन जास्त झालं वगैरे काहीतरी सांगा."

आधी राग आला. टाकून देतात म्हणे! बेसन भाजताना माझा खांदा भरून येतो. मग त्याने 'तिला वाईट वाटेल' लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं आणि रडू आवरेना. कोपरची बाई हात धुवायला गेली होती, तेवढंच बरं झालं.

दुकानाच्या फोनवर उत्तर देणं भाग होतं. मी लिहिलं, "ठीक आहे सर. तसंच सांगतो."

त्याने लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग त्यानेच विचारलं, "फराळ पाठवलास का गं?"

"नाही रे. वजन जास्त झालं म्हणाले, घेतलं नाही त्यांनी."

"अरेरे," तो म्हणाला. "मुलं इतकी वाट बघत होती गं."

"हो ना," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी थोडं कमी भरेन."