बंगळुरूहून आप्पांना परत आणायचं होतं

आप्पा, म्हणजे माझे वडील, महिनाभरासाठी म्हणून माझ्या धाकट्या बहिणीकडे, केतकीकडे, बंगळुरूला गेले आणि पाच महिने झाले तरी परतायचं नाव घेईनात. आई गेल्यापासून दोन वर्षं ते पुण्यात माझ्याकडे राहत होते. फोन केला की त्यांच्या तोंडी एकच विषय असायचा: केतकीकडे कचरा कसा बाहेर जातच नाही, केतकी इडली आणायला स्टीलचा डबा कशी नेते, केतकी भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना कसं घालते. शेवटी मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली आणि तिकीट काढलं. मला बंगळुरू बघायचं नव्हतं, वडील परत हवे होते. ही पोस्ट प्रवासाचीच आहे, फक्त वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

पुण्याहून दुपारच्या सुमारास रेल्वेत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू येतं. खालचा बर्थ हवा असेल तर महिनाभर आधी आरक्षण करा. स्टेशनातून बाहेर पडून मॅजेस्टिकला मेट्रो पकडली, तर केतकी राहते त्या मल्लेश्वरमसाठी पुढच्याच स्टेशनवर उतरायचं. रिक्षाच्या फंदात पडू नका, मी पडले आणि तेवढ्याशा अंतराला अर्धा तास लागला.

फाटकाशी आप्पा उभे होते. त्यांची तब्येत सुधारलेली दिसत होती, आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही. माझ्याकडे ते दिवसभर आरामखुर्चीत पेपर घेऊन बसत. इथे त्यांच्या हातात खराटा होता आणि पायाशी वाळक्या पाल्याचं पोतं. माझ्या बॅगेतून चिप्सची पाकिटं आणि प्रवासातल्या पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या निघाल्या, तर काही न बोलता त्यांनी त्या धुऊन सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवल्या. काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

केतकीच्या गच्चीवर मातीचे तीन माठ एकावर एक ठेवलेले आहेत. वरच्या माठात रोजचा ओला कचरा टाकायचा, त्यावर मूठभर सुका पाला पसरायचा. माठ भरला की तो खाली जातो आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. केतकी आणि तिचा नवरा दोघंही आयटीत, सकाळी आठला घराबाहेर, त्यामुळे सगळी व्यवस्था आप्पांच्या हाती. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी केली. माठाचं झाकण उचलून वास घेताना त्यांचा चेहरा तेव्हासारखाच गंभीर होतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण सुमाक्का राहतात, मूळच्या निपाणीच्या. त्या मला म्हणाल्या, ‘‘तुमचे वडील म्हणजे सोनं बघा. आता गल्लीतले चार घरचे लोक त्यांना विचारूनच माठ लावतात.’’ मी हसले, पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांबरोबर आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याच्या, बाजारात गेले. मल्लेश्वरमला गेलात तर सकाळी सातच्या आत हा बाजार बघाच. फुलं, केळीची पानं, कोवळ्या भाज्या, सगळं फुटपाथवर मांडलेलं असतं. आप्पा कापडी पिशवी पुढे करत ‘स्वल्प कोथिंबीर, अक्का’ म्हणत होते आणि भाजीवाली त्यांना जास्तीची काडी देत होती. नंतर एका जुन्या हॉटेलात लोण्याचा डोसा आणि फिल्टर कॉफी घेतली, दोघांचं मिळून दीडशेच्या आसपास झालं. केतकीसाठी डब्यात इडल्या घेताना वेटरने न विचारता चटणी वाटीत भरली. वाटी आप्पांनी घरून आणली होती. पुण्यात माझ्याकडे सगळं अॅपवरून येतं आणि प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग रोज खाली कचऱ्यात जातो. आप्पा एकदा काही आणायला स्टीलचा डबा घेऊन खाली निघाले होते, तेव्हा मीच म्हणाले होते, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, बसा.’

त्या दुपारी आप्पा झोपले होते आणि घरात दुसरं कोणीच नव्हतं. मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं. फ्रीजमधलं उरलेलं सांबार आणि दहीभात घेऊन गच्चीवर गेले, अर्धं पातेलं वरच्या माठात ओतलं आणि झाकण लावून टाकलं. पाल्याची आठवण झाली नाही, आणि झाली असती तरी किती घालायचा ते ठाऊक नव्हतं. केतकीचं कौतुक होतं त्या कामात एवढं काय अवघड आहे, असंच मनात होतं.

तिसऱ्या दिवशी मी आणि आप्पा देवनहळ्ळीला गेलो. मॅजेस्टिकहून बस मिळते, दीड तास धरा, ट्रॅफिक लागला तर दोन. किल्ला लहान आहे, तटावरून चालता येतं, तिकीट नाही. आजूबाजूला द्राक्षांचे मळे आणि त्यांच्या शेजारी नव्या प्लॉटच्या पाट्या. सावलीत बसून चित्रान्न खाल्लं, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. तिथे मी विषय काढला. खोली तशीच ठेवलीय, उद्या माझ्याबरोबर चला, म्हटलं. आप्पा बराच वेळ डब्याचं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं गं. पण मी तिथे नसतो तरी तुझं काही अडलं नसतं.’’ मला रडू आलं, आणि त्याहून जास्त केतकीचा राग आला.

संध्याकाळी परतलो तर जिन्यातच वास. सुमाक्का वर आल्या होत्या, नाकाला पदर लावून. ‘‘वास येऊ लागलाय की, अण्णा. माठात काय घातलंत?’’ केतकीने झाकण उचललं, आत पाणी साचलेलं आणि अळ्या. तिने सहज विचारलं, ‘‘आप्पा, पाला घालायला विसरलात का?’’

आईला शेवटच्या दिवसांत आमची नावंही आठवत नव्हती, आणि तसंच आपलं होईल याखेरीज आप्पांना आयुष्यात दुसऱ्या कशाची भीती वाटत नाही. ते माठाकडे बघत एकेक बोट दुमडून पुटपुटत होते: काल सकाळी सालं, मग चहाचा चोथा, मग पाला. पाला घातला होता की नव्हता, हे त्यांना नक्की सांगता येईना. ते पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागले.

आणि मला, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा बरंच वाटलं. केतकीचं घर एकदाचं चुकलं होतं. गप्प राहिले असते तर ती त्यांना डॉक्टरकडे नेण्याच्या गोष्टी करू लागली असती, आणि मी म्हणू शकले असते की त्यांना आता पुण्यात माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. एवढा सगळा हिशोब डोक्यात होऊन गेला. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं.

‘‘मी घातलं. सांबार आणि दहीभात, काल दुपारी. आप्पा काही विसरलेले नाहीत.’’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली जिन्यावर बसले. थोड्या वेळाने उठून मला सुपलीभर पाला आणायला सांगितला. वरचं पाणी काढलं, पाला मिसळला, काठीने तळापासून ढवळलं. ‘‘हवा खेळली पाहिजे,’’ म्हणाले, ‘‘आणि पातळ काही ओतायचं नाही. आता तू ढवळ.’’ अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं माठाशी होतो. केतकीने दिवा लावून दिला आणि आत निघून गेली.

चौथ्या दिवशी मी एकटीच परतले. बंगळुरूत काय बघावं असं विचाराल तर लालबाग आणि इंदिरानगर माझं राहूनच गेलं, त्यामुळे सांगता यायचं नाही.

घरी आल्यावर आठवड्यातच मी तीन माठ आणले. पृथ्वीचं भलं करायला नव्हे, केतकीकडे आहेत म्हणून. इडलीला डबाही नेते आता, तोही त्याच जळफळाटातून. पण कचऱ्याची बादली अर्ध्यावर आलीय, आणि बादलीला माझ्या मनातलं काही कळत नाही. पहिल्या माठाला वास सुटला तेव्हा आप्पांना फोन केला. तेव्हापासून रोज सकाळी सातला करते. उघडून बघितलंस का, गरम लागतंय का, काळं पडलं का, असं ते विचारतात आणि मी माठात हात घालून उत्तरं देते. दोन वर्षं शेजारच्या खोलीत होते तेव्हा आम्ही एवढं बोललो नव्हतो. परवा म्हणाले की दिवाळीला येईन, खत तेव्हा आपण दोघं चाळू, तू एकटी चाळू नकोस.

काल केतकीचा मेसेज आला. ‘ताई, सकाळी सातला फोन नको करूस ना. तो आमचा एकत्र कॉफीचा वेळ असतो, हल्ली आप्पा त्या वेळी फक्त तुझ्याशीच बोलत बसतात.’

मी ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘ठीक आहे’, लिहून पाठवलं, आणि आज फोन पावणेसातला लावला.