भिंतीपलीकडची गौर

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, नोकरीची सगळी वर्षं काढून बाबांनी नोएडात घर बांधलं. पुढच्या इवल्याशा जागेत त्यांना लॉन हवं होतं. दारात नवी मारुती आणि हिरवंगार लॉन नसेल तर माणूस भाडेकरूच असणार, असं त्या सेक्टरमध्ये तेव्हा सगळेच धरून चालायचे. आईला मात्र तिथे रानफुलं हवी होती, तीही कोकणातली. मामाने रुमालात बांधून दिलेलं तेरड्याचं बी तिने साडीच्या घडीत जपून आणलं होतं.

हे सगळं गौरीसाठी. तिच्या माहेरी भाद्रपदात रानातला तेरडा मुळासकट आणतात, त्यालाच साडी नेसवतात, तीच गौर. क्वार्टरमध्ये तिने इतकी वर्षं छापील कागदाच्या गौरीवर भागवलं होतं. मी एकदा नर्सरीतली गुलमेहंदी, म्हणजे बागेतला तेरडाच, सुचवली, तर "ती कुंडीतली नटवी" म्हणून तिने मला उडवून लावलं. स्वतःच्या घरातली पहिली गौर तिला खरी हवी होती. त्या घराकडे तिने एवढं एकच मागितलं होतं.

पावसाळ्यात तिने गेटजवळ बी पेरलं आणि तेरडा तरारला. रोज सकाळी बाबा फिरायला गेले की चहाचा कप घेऊन ती रोपांशी बोलायची. आमच्याशी कधी इतक्या लाडाने बोलली नाही, हे मला अजून खुपतं.

श्रावणात एका रविवारी ती लक्ष्मीबाई नगरला मैत्रिणीकडे सत्यनारायणाला गेली आणि बाबांनी लॉनसाठी जागा साफ केली. तेरड्याला अजून फूल नव्हतं. त्यांनी सगळी रोपं उपटून भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये फेकली.

"अहो, माझा तेरडा कुठाय?" आईने आल्या आल्या विचारलं.

"तो तेरडा होता? अगं, मला वाटलं घासफूस आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची गौर शोधून ठेवली आणि बाबांच्या लॉनला पाणी घालू लागली. त्या लॉनवर खुर्ची टाकून बसायची बाबांची काही हिंमत झाली नाही.

गौरी यायच्या दिवशी बाबा सकाळपासून गायब. शोधत मी गेटबाहेर आले, तर रिकाम्या प्लॉटमधल्या गवतातून ते येत होते. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि हातात गुलाबी फुलांनी लगडलेला तेरडा! केबलची तार बघायला गच्चीवर गेले तेव्हा त्यांना तो वरून दिसला होता. फेकलेल्या रोपांनी ओल्या मातीत मूळ धरलं होतं.

गौर बाईमाणसाने आणायची असते. मी हात पुढे केले, पण बाबा देईनात. "मीच फेकली यार, मीच आणणार. चल, आईला बोलव."

गौर आणणाऱ्याचे पाय दारातच धुतात. आई तांब्या घेऊन आली आणि बघतच राहिली. मग तिने माहेरच्या रीतीने विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या, असं म्हणायचं असतं. बाबांना ते कुठलं ठाऊक. त्यांनी खाली पाहिलं. "चिखलाच्या," ते ओशाळून म्हणाले.

आई हसत सुटली, हसता हसता रडली. नव्या पांढऱ्या मार्बलवर ती आम्हाला चपलासुद्धा आणू देत नसे. तिने तांब्या बाजूला ठेवला.

"असू दे. या तशाच आत."

दारापासून देवघरापर्यंत बाबांची पावलं उमटली. गौरी जाईपर्यंत आईने ती कुणाला पुसू दिली नाहीत.