नातेवाइकांनी चौकशी करू नये

शिरपूरला बसस्टँडच्या मागे एका निळ्या फाटकावर पाटी आहे : 'खोली भाड्याने देणे आहे. नातेवाइकांनी चौकशी करू नये.' येणारे-जाणारे वाचून हसतात. मीही हसलो होतो. पण अनसिंगला मी स्वतः दोन खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा सल्ला विचारायला त्याच फाटकातून आत गेलो. घरमालकीण गोजराबाईंनी चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भाडेकरू ठरला काय?"

"मेव्हणा म्हणतो, मीच येतो."

"मंग बांधूच नोका. त्याले तसेच पैसे देऊन टाका."

बाई तोंडाने फटकळ, आणि मला फटकळ माणसंच आवडतात. नवरा गेल्यावर स्वतःच्या नावच्या जागेत, घराला लागून त्यांनी दोन खोल्या काढल्या. भिंतींवर पाणीही स्वतःच मारलं. म्हातारपणी कोणापुढे हात पसरायचा नाही, एवढाच हेतू. पहिली खोली मागितली ती धाकट्या दिराने, जगदेवने, आपल्या मुलासाठी. करार करू म्हटलं तर तो उखडला, "वहिनी, घरच्या पोरासंगं कागद? लोक थुकतीन आपल्यावर."

आपल्याकडे या वाक्यापुढे भलेभले गार होतात. गोजराबाईही झाल्या. मुलगा हरीओम राहायला आला, भाडं द्यायचं विसरला, खोलीत सोयाबीनची पोती रचली, आणि जा म्हटल्यावर म्हणाला, "कायले जाऊ, मोठीमाय? आपलंच घर हाय. आपल्यात कुठं कागद हाय?"

खोली गेलीच, असं सगळ्यांनी धरलं. कोर्टात जाल तर जन्म जाईल, असं वकील म्हणाला. गोजराबाई चार दिवस नुसत्या धुमसल्या. मग एका सकाळी त्यांनी आपली बाज उचलली आणि हरीओमच्या खोलीत नेऊन टाकली.

"हे काय, मोठीमाय?"

"आपलंच घर हाय ना? आपल्यात कुठं कागद हाय?"

आणि राहिल्या की तिथेच! दाराशी शेळी बांधली. पोत्यांवर चादर अंथरून पापड वाळत घातले. पहाटे उठून मोठ्याने भजनं म्हणू लागल्या. त्याचा कोणीही मित्र आला की आधी विचारायच्या, "बाप्पा, तू तरी भाडं देतं का रे कुठं?" पोळ्याच्या आत हरीओम पोत्यांसकट निघून गेला. त्याच आठवड्यात पाटी लागली.

नंतर आरोग्य केंद्रात बदलून आलेली पौर्णिमा खोली बघायला आली. दारातच म्हणाली, "मावशी, आम्ही बौद्ध आहोत. आत्ताच सांगून ठेवते. नंतर सामान उचलायला लावलं की फार जड जातं." हे वाक्य त्या पोरीने किती दारांत म्हटलं असेल! बाईंकडून ऐकताना माझं डोकं तापलं.

गोजराबाई तिला म्हणाल्या, "म्या विचारलं काय? तुही पयली खोली कुठं हाय ते सांग." दुसऱ्या दिवशी एसटीने मालेगावला गेल्या आणि तिच्या जुन्या खोलीची मोरी बघून आल्या. त्यांची परीक्षा तीच. माणूस गोड बोलेल, आगाऊ पैसे देईल, पण मोरी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोरी लख्ख होती. वेगळं मीटर बसवलं, अकरा महिन्यांचा करार केला, पौर्णिमा राहायला आली.

हे सांगून होतंय तोच फाटक वाजलं. जगदेव आला होता. बसलासुद्धा नाही.

"वहिनी, गावात लोक बोलून राह्यले. त्या बाईले काढा. नाई तं उद्या तुमच्या घरच्या पंगतीले कोणी येणार नाई."

भाऊबंदांनी पंगतीवर बहिष्कार टाकला तर गावात म्हातारीने जगायचं कसं? गोजराबाईंचा चेहरा क्षणभर उतरला, हे मी पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला.

"नोका येऊ. भांडे कमी घासा लागतीन."

"अवो, पण खोली देण्याआधी आडनाव तं पाहा लागते!"

"पायलं होतं ना भाऊजी. तुमच्या पोराचं आडनाव तं माह्यंच होतं," गोजराबाई म्हणाल्या. "भाडं तिनं देल्लं."